शितौला मारलेली हाक

तोडलेली चहाची पानं बांबूच्या सुपांवर पसरली की पुढचा कारभार पानांच्या हातात. ती मऊ पडून त्यांना वास सुटेपर्यंत माणसानं जागायचं, एवढंच काम. त्या रात्री माडीवर शुइगेनकाका होते आणि मोसमापुरती कामाला आलेली तीन पोरं.

"काका, शरदातला चहा आला की तुमचं भूतही येतं," त्यातला फेंग म्हणाला. "यंदा कोणतं?"

"भूतबीत मला ठाऊक नाही. माझ्या शेजारणीचं सांगतो. सकाळी तिच्या दारावरूनच खाली जाल तुम्ही. तिच्याकडे बघत उभे राहू नका, म्हणजे झालं."

शेजारणीचं नाव वानछिंग. खालच्या बाजारगावात शाळेत गणित शिकवणारी. नवरा लांब श्यामेन शहरात गोदामात कामाला; घरात ती, सासू आणि चार वर्षांचा मुलगा. मुलाचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात सगळे त्याला शितौ म्हणत. शितौ म्हणजे दगड. दगड कोण उचलून नेणार, असा सासूचा हिशेब. वानछिंगला ते नाव मुळीच पसंत नव्हतं, आणि तिच्याच तोंडात ते सगळ्यात घट्ट बसलं होतं.

नवव्या चांद्र महिन्यात, अमावास्येला काही दिवस असताना, शितौ जुन्या पुलावरून पाटात पडला. पाणी गुडघाभर. लगेच काढला, कुठं खरचटलंही नव्हतं. पण त्या संध्याकाळपासून तो बोलेना. अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपायचा. हाक मारली तर हाक मारणाऱ्याच्या मागं कुठंतरी बघत राहायचा. जिल्ह्याच्या इस्पितळात रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले. सगळं ठीक निघालं. वानछिंग रात्र रात्र मोबाइलवर लक्षणं शोधत बसे आणि पहाटेपर्यंत तिला शितौला नसलेले सगळे रोग सापडत.

"तो पुलापाशीच राहिलाय," सासू म्हणाली. "तू घरी आणलंस ते नुसतं अंग."

उपाय सासूला ठाऊक होता. तिकडे तो सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतो. पोर जिथं घाबरलं तिथं आईनं त्याचं जाकीट घेऊन जायचं. तिथून घरापर्यंत त्याला हाका मारत यायचं. घरातल्या कुणीतरी त्याच्या वतीनं "आलो" म्हणून ओ द्यायची. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागं वळायचं नाही. घरात शिरल्यावर जाकीट पोराच्या अंगावर घालायचं. आणि हे सगळं दिवेलागणीला, रस्त्यावर माणसांची ये-जा असताना.

घोडं नेमकं तिथंच अडलं. गेल्याच महिन्यात वानछिंगनं वर्गात ठणकावून सांगितलं होतं, भुतं नसतात. आता त्याच मुलांच्या आईबापांसमोरून ती जाकीट छातीशी धरून ओरडत जाणार? नवरा फोनवर म्हणाला, आईचं ऐक, आपलं काय जातंय. त्याचं काही जाणार नव्हतं, तो श्यामेनमध्ये होता. आज करू, उद्या करू म्हणत तिनं दिवस घालवले. शितौनं खाणंही सोडलं तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. तरी ती निघाली ती अमावास्येला, गुरुवारी, अकरा वाजून गेल्यावर. गाव झोपल्यावर.

"रात्रीची हाक मारू नये गं," सासू दारात म्हणाली. "कोण कोण ऐकत असतं, ठाऊक आहे का तुला?"

"अहो आई, मी उद्यापर्यंत थांबू शकत नाही."

पुलावरची हाक घरापर्यंत ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यावर वानछिंगनं तोड काढली: फोन लावून खिशात ठेवायचा, सासूनं घरून फोनवर ओ द्यायची. एवढ्या गंभीर वेळीही आपल्या डोक्याचं तिला जरासं कौतुक वाटलं.

पुलावर पोचून तिनं जाकीट पाण्यावर धरलं. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली.

"शितौ, घरी चल."

"आलो," खिशातून सासू म्हणाली आणि खोकली. तिला दमा होता. एका शब्दाला दोनदा धाप लागे.

वानछिंग वळली आणि चालू लागली. सुरुवातीला आवाज दबका निघत होता. मग तिला शितौचे अर्धे डोळे आठवले आणि लाज कुठल्या कुठं गेली.

"शितौ, घरी चल रे राजा."

"आलो."

बांबूच्या बनापाशी रस्ता वळतो. तिथून पुढं दिवे नाहीत. ती हाका मारत राहिली, ओ येत राहिली. तिच्या मनात आलं, सासूबाईंचा दमा बराच बसलेला दिसतो. आवाज मोकळा येतोय. बारीक, पण मोकळा.

"शितौ, घरी चल."

"आलो."

जाकीट जड लागायला लागलं. कडेवरचं पोर झोपत जातं तसं. आधी मान पडते, मग पाठ, मग सगळं अंग आईवर येतं… तसं. वानछिंगच्या डोळ्यांना पाणी आलं. लागू पडतंय, तिला वाटलं. तिनं जाकीट दोन्ही हातांनी सावरलं. पावलं उचलली.

"घरी चल, शितौ."

"आलो."

आवाज खिशातून येत नव्हता.

मागून येत होता.

ती वळली नाही. हाका मारणंही थांबवलं नाही. थांबवलं आणि तो खरंच शितौ असला तर?

फाटकात सासू उभी होती. हातात फोन. सुनेला बघताच तिनं कपाळावर हात मारला. "अगं, पुलाच्या पुढं फोनच कट झाला. मी कधीची लावतेय, लागतच नाही. एकदाच काय ती ओ दिली मी…"

वानछिंग जागच्या जागी थांबली.

मग… इतका वेळ…

"आलो."

अगदी जवळून. तिच्या कमरेच्या उंचीवरून.

सासूनंही ऐकलं. म्हातारीनं हात आडवा करून फाटक अडवलं.

वानछिंग उभी राहिली. आत नेलं आणि हा शितौ नसला तर, हे अंगावर घालायचं ते आपल्याच पोराच्या. नाही नेलं आणि हा शितौच असला तर, एवढ्या लांबून आणलेल्याला दाराबाहेर टाकायचं. गणिताच्या बाईला हे सुटेना. तिनं जाकीट घट्ट धरलं. त्यात ऊब नव्हती. वजन होतं.

मागं पाऊल वाजलं नाही. श्वास नाही. नुसतं… वाट बघणं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून घोगरा आवाज आला.

"आई… पाणी."

कितीतरी दिवसांनी. शितौचा.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्या डोंगरात दगडाच्या नावाची पोरं पिढ्यान् पिढ्या होत आली. सगळीच काही मोठी झाली नाहीत. वानछिंगनं रस्ताभर हाक मारली होती. ज्याला ऐकू आली, तो आला होता.

ती वाकली. फाटकाबाहेर, खांबाशी, तिनं जाकीट खाली ठेवलं. टाकलं नाही. झोपलेलं मूल ठेवतात तसं ठेवलं. आधी पाठ, मग डोकं, मग हळूच हात काढून घेतला. आत गेली. सासूनं कडी घातली.

रात्रभर बाहेर काही वाजलं नाही. सकाळी जाकीट तिथं नव्हतं.

काका थांबले. सुपातली मूठभर पानं त्यांनी नाकाशी धरली, परत टाकली. फेंगनं हळूच विचारलं, पोराचं पुढं काय झालं.

"धडधाकट आहे. शाळेत जातो, आईचा मार खातो. त्याला काही आठवत नाही." काकांनी सिगारेट पेटवली. "त्यांच्या फाटकाचे खांब दर नवीन वर्षाला मी चुन्यानं रंगवून देतो. पहिल्या वर्षी गेलो तर उजव्या खांबावर, बाहेरच्या बाजूला, चिखलाची आडवी रेघ. पाटातला काळा चिखल. पोराला भिंतीला उभं करून डोक्यावर आपण रेघ मारतो ना, तशी. मी चुना मारून बुजवली. पुढल्या वर्षी परत होती… दोन बोटं वर. त्याच्या पुढल्या वर्षी आणखी वर."

काकांनी सिगारेटची राख झटकली.

"यंदा वानछिंगनं शितौला खांबाशी आतल्या बाजूनं उभं केलं, मला बोलावलं. नुसतं खांबाकडे बोट केलं. मीच बघितलं. रेघेची आणि पोराची उंची सारखीच." त्यांनी सिगारेट विझवली. "त्याआधी तीन आठवडे पाऊस नव्हता. पाट कोरडा. मी बोट लावून पाहिलं…

"रेघ ओली होती."