आकुरियाची शेवटची ओळ

कोठाराचं कुलूप शाबूत होतं. आतला दगड मात्र गेला होता.

"फौजदारबाई, अर्धाच नेलाय," नेव्हिया म्हणाली. उत्खननाची प्रमुख होती ती. रडून डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

इल्दे मार्कांतुओनो वाकून पाहू लागली. डोंगरावरच्या या ठाण्यात ती बदलून आली, तेव्हापासून लोक तिच्याशी बोलायला येत ते फक्त तक्रार घेऊनच. आजही तसंच.

फळीवर दोन तुकड्यांत सापडलेल्या थडग्याच्या दगडाचा वरचा तुकडा होता. त्यावर कोरलेला बाईचा चेहरा अजून देखणा होता. शेजारी ओलं गोणपाट होतं, त्यावर काहीच नव्हतं.

"खालच्या तुकड्यावर काय होतं?"

"शेवटची ओळ. कालपर्यंत चुन्याच्या थरानं झाकलेली. संध्याकाळी मी एकटीनं धुतली. ऑस्कन भाषेत, इथल्या जुन्या लोकांच्या भाषेत, एका बहिणीनं बहिणीसाठी उभारलेला दगड. आणि साल, सम्राट तिबेरियसच्या काळातलं."

"मग?"

"सगळी पुस्तकं सांगतात, रोमचा सेनापती सुल्ला यानं आकुरिया, म्हणजे इथलं जुनं नगर, जाळलं आणि इथली माणसं संपली. हा दगड त्याच्या शंभर वर्षांनंतरचा आहे. म्हणजे ती संपली नव्हती. आपल्याच भाषेत बोलत, इथंच राहत होती."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. फोटोही काढला नव्हता. आज सकाळी प्रोफेसरांना समोर बसून सांगणार होते. सगळी पुस्तकं त्यांच्याच पुस्तकावरून लिहिलीत ना."

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, प्रोफेसरांकडे आणि क्लेलियाबाईंकडे."

प्रोफेसर एव्हारिस्तो कोलांजेली आपल्या घरी खिडकीजवळ बसले होते. दोन्ही हात काठीवर, ते थरथरत होते. डोळ्यांना सगळं धुक्यातल्यासारखं अंधुक दिसायचं.

"चोरी झाली म्हणे. काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"नेव्हियाचा दगड. तुम्ही कोठारात कधी गेला होतात?"

"बाई, मला जिना उतरायला दुसऱ्याचा खांदा लागतो. किल्ली त्या खिळ्याला आहे, बघा, गंजलीय." ते हसले. "दगडावर काही लिहिलं होतं का हो?"

इल्देनं खिळ्यावरची किल्ली बोटानं घासून पाहिली.

क्लेलिया पेट्रेला स्वयंपाकघरात मसूर निवडत होती. ऐन तरुणपणी ती प्रोफेसरांची मदतनीस म्हणून आली होती. आता केस पांढरे झाले होते. रोज त्यांना वाचून दाखवायचं आणि मग उतारावरच्या आपल्या घरी एकटीनं जायचं, हाच तिचा दिवस.

"काल संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. मग घरी."

"कोठारात?"

"मी कशाला जाऊ? चोर बाजारात विकायला नेतात असले दगड."

"प्रोफेसरांना वाईट वाटेल?"

"त्यांना कळूच नये. सगळं आयुष्य त्या पुस्तकात गेलं त्यांचं. आणि एका तिबेरियसच्या नावानं सगळं पाण्यात? काय न्याय आहे हा?"

"चला, प्रोफेसरांकडे बसू," इल्दे म्हणाली.

प्रोफेसरांच्या खोलीत तिनं नेव्हियालाही बोलावलं.

"विकणाऱ्यानं चेहरा नेला असता," इल्दे म्हणाली. "इथं चेहरा सोडून ओळ नेली. म्हणजे ज्याला ती ओळ नको होती, त्यानं नेली. प्रोफेसरांचं पुस्तक त्या ओळीनं खोटं ठरतं, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर येतो. पण त्यांची किल्ली गंजलेली आहे आणि त्यांना दगड उचलवणार नाही. नेव्हियाला ती ओळ जगाला दाखवायची होती. लपवायची असती, तर तिनं मला ती सांगितलीच नसती. राहिली तिसरी किल्ली."

क्लेलियानं एप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"तिबेरियसचं नाव नेव्हियानं एकट्या मला सांगितलं, आज सकाळी. तुम्हाला ते कुठून कळलं, क्लेलियाबाई? दगड वाचल्याशिवाय?"



"नेव्हियाला दगड धुताना दारातून पाहिलं," क्लेलिया हळूच म्हणाली. "ती गेल्यावर आत शिरले, ओळ वाचली. हातोडा पण नेला होता. नाही मारवला. दगड घरी आहे. माझ्या पलंगावर, शालीत गुंडाळून."

दगड आणला. प्रोफेसरांनी अक्षरांवरून बोटं फिरवली, सावकाश, पुन्हा पुन्हा. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बहीण," ते पुटपुटले. "पुस्तकात मी सगळ्यांना मारून टाकलं होतं, क्लेलिया. इथं तर कुणीतरी कुणासाठी रडतंय! मला विचारायचं तरी होतंस."

"तुमचं पुस्तक..."

"जाऊ दे ते पुस्तक!"

क्लेलिया त्यांच्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत त्यांना एवढं आनंदात तिनं पाहिलं नव्हतं. त्या आनंदात तिला जागा नव्हती.

इल्दे क्लेलियाला गाडीत बसवून ठाण्याकडे निघाली. वळण आलं तेव्हा क्लेलिया म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांत सकाळी औषध घालावं लागतं. स्वतःहून ते कुणाला सांगणार नाहीत."

इल्देनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मी घालीन," ती म्हणाली.