मेंडियानचा शेवटचा एन

झिजलेली अक्षरं ओळखणं हा माझा धंदा. एल्कोच्या आयडाहो स्ट्रीटवर, गाद्यांच्या दुकानामागे माझी खोली आहे. नेवाडाभरातून लोक पोकरच्या जुन्या चकत्या पाठवतात. अंगठ्यांनी घासून त्यांची लेबलं पांढरी पडलेली असतात. उरल्यासुरल्या रेघांवरून फॉन्ट ओळखायचा, लेबल नव्यानं छापायचं आणि चिकटवायचं. ‘आर’चा नुसता पाय दिसला तरी मला पुरतो. भुताखेतांचं मात्र मला विचारू नका, त्यातलं मला काही कळत नाही.

अमाची स्वतः आली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. तिचं नाव मायते. पण स्पेनकडचे बास्क लोक आजीला अमाची म्हणतात, म्हणून ती गावभर अमाची. रेल्वे स्टेशनजवळचं ‘मेंडियान’ ही मेंढपाळांची खानावळ तिनं जन्मभर चालवली. आता मेंढपाळ उरले नाहीत. शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मागच्या खोलीत पत्त्यांचा डाव बसतो तेवढाच.

“सगळी लेबलं सोलून काढ, जोनी,” ती म्हणाली. “नवी लाव. जुनं एकही ठेवू नकोस.”

“अगं, जुन्याच लेबलांसाठी उड्या पडतात लोकांच्या.”

“पडू देत. मला शाबीचं काय ते बघायचंय.”

शाबी तिचा धाकटा भाऊ. ती गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. एका शनिवारी तो भर डावातून उठला, ‘कुत्रं का भुंकतंय बघून येतो, माझी पानं वाटून ठेवा’ म्हणाला आणि बर्फात गेला. कुत्रं परत आलं, तो आला नाही. आता, त्या टेबलाचा नियम असा, की उठून गेलेल्याची चळत जागेवरच राहते आणि दर शनिवारी तिच्यातली एक चकती मधल्या ढिगात जाते. चळत संपली की खुर्ची दुसऱ्याची. त्या हिशोबानं शाबीची खुर्ची कधीच सुटायला हवी होती. तो गेला तेव्हा मी शाळेत होते. आता मला नातवंडं आहेत. चळत अजून आहे.

“तूच गुपचूप भरत असशील,” मी म्हटलं.

“डेलही तेच म्हणतो. आणि मला वाटायचं, तो भरतो.” डेल म्हणजे निवृत्त पोस्टमन, तिच्या डावातला उरलेला एकुलता एक गडी. “परवा आम्ही दोघांनी मेरीमातेची शपथ घेतली. दोघंही भरत नाही गं.” तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. “तो मेला की जिवंत आहे, एवढं मला कळू दे. काळा रुमाल बांधून रडायचं तरी, नाहीतर वाट तरी बघायची. हे मधलं लोंबकळणं आता सोसत नाही मला.”

मी कामाला बसले. डब्यात प्रत्येकाची चळत वेगळ्या पुडीत बांधलेली होती. इतर चकत्या मधोमध झिजल्या होत्या, जशा झिजतात तशा. शाबीच्या मात्र उजव्या कडेला, शेवटच्या अक्षरावरच पांढऱ्या पडल्या होत्या.

लेबलांवर इंग्रजीत खानावळीचं नाव होतं, MENDIAN. टाइप जुना होता, छपाईच्या लाकडी खिळ्यांचा, जाड टाचांची अक्षरं. एम, ई, डी पहिल्याच दुपारी ओळखले. मेंडियानमध्ये एन दोनदा येतो. पहिला चोख जुळला. दुसरा ताकास तूर लागू देईना. डेलच्या चकत्यांवर तो थोडाफार शाबूत होता, पण बुटका होता आणि त्याच्या पायांना टाचा नव्हत्या. नमुन्यांची सगळी पुस्तकं पालथी घातली. शेवटी वैतागून अमाचीला फोन लावला.

ती हसायला लागली. “अगं, तो एन नाहीच! छापखानेवाल्या हॉइटकडे त्या मापाचा एन एकच होता. मेल्यानं झेड आडवा पाडून बसवला. शाबी काय पिडायचा त्याला! खेळताना सारखा त्या झेडवर अंगठा घासायचा, म्हणायचा, पुसून टाकतो तुझी लाज.”

माझ्या हातात शाबीचीच चकती होती. मी ती खाली ठेवली.

मग मला एक युक्ती सुचली. नव्या लेबलांवर दोन्ही एन खरे ठेवले. कोणी जुनी चकती घुसडलीच, तर आडवा झेड आपणहून बोंब मारेल. सोललेली लेबलं मी माझ्या हातानं शेगडीत जाळली. हॉइट केव्हाच वारला होता आणि त्याचे खिळे लोकांनी सरपणात घातले होते.

त्या शनिवारपासून मीही डावाला बसू लागले, नजर ठेवायला. चळत मुकाट्यानं उतरत गेली. “बघ,” डेल म्हणायचा, “जोनीनं चकत्यांना हात लावला आणि पठ्ठ्या वठणीवर आला.” अमाची हसायची नाही. तिनं कपाटातून काळा रुमाल काढून इस्त्री केला होता.

रूबी डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं, त्या सुमारास शेवटची चकती राहिली. त्या दुपारी जेवायला मेंढीचं मटण होतं, पण कोणी धड जेवलं नाही. डेलनं ती चकती उचलली आणि ढिगात टाकली.

शाबीच्या जागी नुसतं हिरवं कापड उरलं.

अमाचीनं रुमाल डोक्यावर घेतला. गाठ तिला जमेना, म्हणून मी मारून दिली. मग ती रडली, पोटातून, लहान मुलासारखी. मला बरं वाटलं. सुटली बिचारी.

बाहेर कुत्रं भुंकलं.

मेंडियानमध्ये कुत्रं नाही. आम्ही तिघांनीही खिडकीकडे पाहिलं. अंगणात चिखल होता आणि ऊन होतं.

मान वळवली, तर हिरव्या कापडावर एक चकती होती.

डेलचे दोन्ही हात टेबलावर होते. अमाचीचे माझ्या हातात.

“जोनी,” ती म्हणाली, “मला बारीक दिसत नाही. शेवटचं अक्षर बघ.”

मी चकती उचलली. खोटं बोलावं असं फार वाटलं. ती नुकती कुठे रडायला लागली होती. पण अक्षराबद्दल खोटं माझ्या तोंडून निघत नाही.

“आडवा झेड आहे, अमाची.”

तिनं डोळे पुसले. रुमाल सोडला, त्याची चौकोनी घडी केली आणि मांडीवर ठेवली.

“डेल, पानं वाट,” ती म्हणाली. “चौघांना.”

लेबल कुठेच झिजलेलं नव्हतं. मी चकती होती तिथे परत ठेवली आणि हात मागे घेतला. अंगठा काळा झाला होता. शाई अजून ओली होती.