उंदरांना काका ओळखू येईनात

चिंतेनं माणसं खंगतात. या प्रयोगशाळेतले उंदीर सुजायचे. त्यांच्या एका जनुकात खोट होती आणि ती दहा वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, मोठ्या मायेनं जपलेली होती. दार आपटलं किंवा परका हात लागला की ताणाचं हार्मोन भसकन चढायचं आणि आठवड्याभरात उंदराचा बटाटा व्हायचा. हार्मोन उतरायचं लेंड्यांमध्ये. त्या तपासायचं काम ठकीचं. पाहुण्यांना ती 'संशोधनात आहे' एवढंच सांगायची.

चाळीसही उंदरांना एकच माणूस चालायचा. ठकीचे बाबा, म्हणजे बाकी सगळ्यांचे काका. तीस वर्षं ते इथले पिंजरे झाडत होते. रोज अकराला भुसा बदलून स्टुलावर बसत, उंदरांशी चार गप्पा मारत, आणि आकडे गुमान खाली येत.

मग काकांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांची रजा. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी धसकाच घेतला. उंदीर फुगले तर प्रयोग बंद, आणि प्रयोग बंद म्हणजे उंदरांचाही कारभार आटोपला. वास तरी ओळखीचा राहावा म्हणून काकांचा न धुतलेला कोट स्टुलावर ठेवला गेला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आकडे असे चढले की ठकीनं यंत्रालाच दोन थापट्या मारल्या. दुपारी मात्र, तिकडे डॉक्टरांनी काकांचं हृदय थांबवलेलं असताना, सगळं एकदम शांत. चाळीस उंदीर पिंजऱ्यांच्या काचेला नाकं लावून स्टुलाकडे बघत बसले होते. पुढचे तीन आठवडे एकानंही वजन वाढवलं नाही.

"कोट काय काम करतोय बघ!" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कोट ऑपरेशनच्या दिवसापासून धुलाईत आहे."

मॅडमनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

काका ठणठणीत होऊन परतले. तेच हसणं, तेच टोमणे. घरी तर जरा जास्तच लाड करत होते. पण त्यांनी उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं, आणि चाळीस उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून पिंजऱ्यांच्या मागच्या भिंतीला चिकटले.

"औषधांचा वास येत असेल," मॅडम म्हणाल्या.

काकांनी साबण बदलला. आठवडाभरात उंदीर बारा-बारा ग्रॅमनी वाढले.

"तीस वर्षं सेवा केली, आता ओळख नाही," काका म्हणाले. "अगदी नातेवाइकांवर गेलेत."

ते हसले. ठकीला हसू आलं नाही. मॅडमनी निक्षून सांगितलं होतं, उद्या आकडे उतरले नाहीत तर काकांना ही खोली कायमची बंद. या खोलीशिवाय बाबा कसे जगतील, हे ठकीला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती स्वतः त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

"बसा बाबा. नेहमीसारखे गप्पा मारा."

काका स्टुलापाशी गेले. थबकले. गर्दीत दुसऱ्याला वाट द्यावी तसे किंचित बाजूला झाले.

"बसू कुठे?"

"स्टुलावर."

"अगं, तिथं बसलाय ना तो. दिसत नाही का तुला?"

ठकीनं पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

काका हळूच बाहेर आले. पाठोपाठ ठकीही आली. दार लागलं.

दाराच्या काचेतून दोघं बघत राहिले. एकेक उंदीर भिंत सोडून पुढे आला. मिशा साफ केल्या. बसला.

"चांगला सांभाळतोय," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "राहू दे त्यालाच."

"कुणाला, बाबा?"

त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. नेहमीसारखाच, जपून. चार पावलं गेल्यावर ते तिच्या कानाशी वाकले.

"बोललीस त्याच्याशी, तर घरचं काही सांगू नकोस हं, ठके. उगाच त्याला परत घरी यावंसं वाटेल."