वाटीवरची फुंकर

बालवाडीतल्या सगळ्या मुलांत मातीत हात घातलेली एकटी जाईच होती. बाकीची कपाळाला पट्ट्या बांधून खुर्च्यांवर बसली होती, हात मांडीवर, स्वच्छ. तरी चिखल बोटांतून कसा पिचकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याला 'स्पर्शकलम' म्हणत. मूल एखादी वस्तू पहिल्यांदा हाताळतं, तेव्हा त्याच्या मेंदूत नवी जोडणी होते. ती टिपायची आणि आंब्याचं कलम बांधावं तशी दुसऱ्या मेंदूंवर बांधायची. त्या मेंदूंना अनुभव स्वतःचाच वाटतो. म्हणून सरकारने यालाच 'प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण' ठरवून टाकलं. कपडे मळेनात, पालकही खूश! फक्त राज्यात एक तरी मूल खरोखर हात घालणारं लागे. अडीच वर्षांची जाई ते 'मूळबाळ' होती.

"आज 'गरम' शिकवायचंय," शास्त्रज्ञ निमकर तिच्या आईला म्हणाले. "ही वाटी तिच्या हातात द्या."

कालिंदीने वाटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अहो, चटका बसेल तिला!"

"बसायलाच हवा. एकीला बसला की लाखो मुलांचे हात वाचतील."

"मग तुम्हीच द्या की."

"माझ्या हातून ती घेणार नाही. मूल बिनधास्त धरतं ते आईच्या हातचं."

"आणि उद्यापासून तिने माझ्या हातचं घेतलंच नाही तर?"

"विसरेल हो! नसेल जमत तर राहू द्या. उद्यापासून जाईही खुर्चीवर बसेल."

कालिंदीने खुर्च्यांकडे पाहिलं. एका मुलाच्या नाकावर माशी बसली होती. ती हाकलायला त्याचा हात उठत नव्हता.

तिने ओढणीत धरून वाटी उचलली. आत पेज होती. रोजच्या सवयीने तिने पेजेवर फुंकर घातली. फुंकर पाहताच जाईने हसत दोन्ही हात पुढे केले.

जाई किंचाळली, तेव्हा निमकर पडद्याकडे बघत होते. "वा! अगदी स्वच्छ उतरलंय," ते म्हणाले. पोरगी वाटी शिकली असं त्या शहाण्याला वाटलं. दुपारी राज्यभर कलम बांधून झालं.

संध्याकाळी घरोघरी आयांनी वरणभात कालवला, घासावर फुंकर घातली आणि मुलं किंकाळ्या फोडत त्यांच्यापासून दूर पळाली. निमकरांची नातसुद्धा.

त्यांचा फोन आला. "कालिंदीताई, तुम्ही वाटीवर फुंकर घातली होती का हो?"

कालिंदीने फोन ठेवून दिला. जाईच्या तळव्यांना फोड आले होते, आग आग होत होती. आईने फुंकर घालायला ओठ जवळ नेले, तशी ती भिंतीला पाठ लावून दोन्ही हात मागे लपवू लागली.