हेल्मेट घातलेला वीर

नमिता, मशीन तुला देते, नवऱ्यासाठी तेच मागायला आली आहेस. पण आधी बस जरा. तिन्हीसांज झालीय, दिवा लावते. काही गोष्टी दिव्यासमोर सांगितलेल्या बऱ्या.

मी जन्मात नवस पुष्कळ बोलले गं. ईश्वरीच्या वेळी दिवस नीट भरावेत म्हणून, ह्यांचा व्हिसा व्हावा म्हणून, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी. सगळे फेडले. एकच राहिलाय. तो मी देवळात बोलले नाही. समुद्राकाठी, धुक्यात, गाडीच्या बॉनेटवर हात टेकून बोलले. आणि ज्याला बोलले त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

वर्ल्ड कपची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट. सगळं दोहा उकरून ठेवलेलं. आपल्या गच्चीवरून अल थुमामा स्टेडियमच्या बाजूच्या क्रेन दिसायच्या. ह्यांचं हमद पोर्टचं काम दुपटीनं वाढलेलं. आठवडाभर कंटेनर, कंटेनर आणि कंटेनर. झोपेतही नंबर बडबडायचे. म्हणून कोणीतरी सुचवलं आणि ह्यांनी हे मेटल डिटेक्टरचं मशीन घेतलं.

मी हसले होते. "अहो शशिकांतराव, पुण्यात भंगारवाले हेच करतात, फुकट!"

"विभा, तू एकदा कानाला लावून बघ," हे म्हणाले.

मी हेडफोन लावला. वाळूवरून मशीनची गोल तबकडी फिरत होती. नुसती शांतता. आणि एकदम... टुंईं. अंगावर काटाच आला माझ्या. खणलं तर सोडा बाटलीचं बूच! पण हे लहान मुलासारखे खूश. म्हणाले, "कंटेनर उघडायच्या आधीच आत काय आहे ते मला माहीत असतं. इथं माहीत नसतं. खणेपर्यंत प्रत्येक बूच सोनंच असतं बघ."

तेव्हा मला कळलं, लोकांना ह्याचं वेड का लागतं. आपणही देवापुढे हात जोडतो ते ह्याच आशेवर ना? दिसत काही नाही, पण खाली काहीतरी आहे, एवढी एक खूण मिळते. पुरते माणसाला.

मग दर शुक्रवारी हे पहाटे वक्रा गावाच्या पुढे, मसईदच्या अलीकडच्या किनाऱ्यावर जायला लागले. मासेमारीच्या जाळ्याचे शिशाचे गोळे, खेळण्यातली मोटार, एकदा कुणाची तरी चांदीची अंगठी. आणि एका शुक्रवारी टाक.

हो, आपला टाक. देव्हाऱ्यात कुलदैवतांचे चांदीचे असतात, तसा. घरातला लग्नाआधी गेलेला मुलगाही टाकावर उठवून आपण देवात बसवतो, वीर म्हणतो, सणासुदीला त्याला जेवू घालतो. तो कधी घराबाहेर जात नाही. मग खेड्यातल्या कुठल्या देव्हाऱ्यातला टाक कतारच्या वाळूत कसा आला? मी तो चिंचेनं घासला. वीराच्या डोक्याला फेटा असतो, हातात तलवार असते. ह्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, नमिता. कामगारांचं. आणि हातात फावडं.

माझे डोळे भरून आले. इथं कामाला आलेला कुणाचा तरी पोरगा. म्हटलं, असा परक्या मुलखात उघडा कसा ठेवायचा? मी हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या देव्हाऱ्यात बसवला. दुसऱ्याच्या घरचा वीर आपल्या देवात बसवू नये, हे मला आईनं शिकवलं होतं. बसवला की तो घरचा होतो, घरच्यांच्या मागे येतो. माहीत असून मायेपोटी बसवला.

त्यानंतर ह्यांच्या मशीनला एकाएकी यश यायला लागलं. पण काय सापडायचं? पट्ट्याचं बक्कल. स्टीलचा चमचा. पँटचं बटण. बुटाच्या नाडीच्या भोकांमधल्या पितळी कड्या. समुद्रापासून दूर, आत आत, सबख्याच्या दिशेला. सबखा म्हणजे खारट चिखलाची सपाटी. वर मिठाचा पांढरा पापुद्रा, खाली दलदल. गाड्याच्या गाड्या रुततात तिथं.

एकदा दुपारी ह्यांनी सगळं धुऊन वर्तमानपत्रावर सुकत ठेवलं. कसं ठेवलं ते ह्यांनाही कळलं नसावं. मधोमध बक्कल, त्याखाली बटण, हाताशी चमचा, पार खाली त्या कड्या. मी चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. जमिनीवर माणसाची लांबी झाली होती.

हे हसले. "यल्ला, चला, आता फक्त माणूसच सापडायचा राहिला."

मी म्हटलं, "अहो, भरदुपारी असलं अभद्र बोलू नये."

पुढच्या शुक्रवारी मी हट्टानं सोबत गेले. थंडीचे दिवस, पहाटेचं धुकं. इथलं धुकं तुला माहीत आहे, स्वतःची चप्पल दिसत नाही. हवेला शेवाळाचा आणि मिठाचा कुबट वास. हे मशीन घेऊन उतरले. मी गाडीपाशी उभी. आधी पावलं ऐकू येत होती, मग नुसतं मशीन. टुंईं... थोडं थांबून टुंईं... लांब लांब जात होतं.

मग मला ह्यांचं बोलणं ऐकू आलं.

"हो, येतो... दाखव की..."

आणि दुसरा आवाज. कोवळा. आपल्याकडचाच, गावाकडचा.

"थोडं म्होरं, सायेब... अजून थोडं..."

"अहो!" मी ओरडले. "मागे फिरा!" धुक्यानं हाक गिळली. मशीनचा आवाज मात्र आता तुटेना. एकच लांब, सरळ सूर. आणि त्याखाली चिखलाचा आवाज... पाय रुततो ना, तसा. एकदा. दोनदा. मग तोही नाही.

धावत कुठे जाणार? मी जागच्या जागी हात जोडले. देवाचं नाव घेणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "भाऊजी, माझं माणूस सोडा. तुम्हाला मी तुमच्या घरी पोचवीन. पोचेपर्यंत माझ्या पंगतीत तुमचं ताट मांडीन. रोज."

तो सूर थांबला.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून हे आले. कमरेपर्यंत पांढरे, मिठानं लिंपल्यासारखे. मशीन छातीशी धरलेलं. तसेच गाडीत बसले. वक्रा मागे पडल्यावर म्हणाले, "विभा, तू त्याला काय सांगितलंस?"

"कुणाला?"

"मी कमरेपर्यंत आत होतो. निघता येईना. तो शेजारी उभा होता... दिसत नव्हता. त्यानं मला विचारलं, वहिनी खरं बोलल्या का? मला काय ते कळलं नाही. मी हो म्हणालो... आणि पाय सुटला."

हे त्यानंतर मशीन घेऊन कधी गेले नाहीत. पोलिसांना तेवढी एकदा जागा दाखवून आले. त्यांनी खणलं, पण खणलं की खड्डा पाण्यानं भरायचा. काही निघालं नाही. गावाचा पत्ता लागावा म्हणून टाकाचा फोटो किती जणांना पाठवला, अजून पाठवते. कुठली तरी आई ओळखेल, इन्शाल्ला. आता मीही तेच म्हणते.

आणि रोज रात्री ह्यांच्या शेजारी ताट मांडते. एकदाच राहिलं, ईश्वरीला ताप होता त्या दिवशी. सकाळी दाराशी ह्यांचे बूट ओले होते. तळव्यांना पांढरं मीठ. हे म्हणाले, मी तर अंथरुणातून हललो नाही.

म्हणजे नवस अजून फिटलेला नाही गं. तो तिथंच आहे, सबख्यात. ह्यांची आता हिंमत होत नाही. तुझ्या अवधूतला ह्या मशीनचा नाद लागलाय तर लागू दे, मी अडवत नाही. मला तर वाटतं, त्याच्या हातूनच तो सापडेल. देवानं म्हणूनच तुम्हाला आमच्या खालच्या मजल्यावर आणलं असेल.

हे घे मशीन. सेल मी तेव्हाच काढून ठेवले, ते त्या डबीत आहेत. बघ, सगळे आहेत ना?

...

ऐकलंस?

नाही, माझा मोबाईल आत आहे. रोज दिवा लागला की थोड्या वेळानं मशीन असंच वाजतं. एकदाच. जेवणाची वेळ झाली ना त्याची.

घाबरू नकोस. ने. फक्त माझं एक ऐक. आज अवधूतच्या शेजारी एक ताट जास्त मांड. वरणभात वाढ, वर तूप घाल, आणि माझ्यासारखंच हात जोडून म्हण, "भाऊजी, तुम्हाला घरी पोचवू." पण नुसतं ओठांनी नको, मनापासून म्हण, नमिता. तो विचारतो.