खर्जाची तार

नाशकात द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टायरवाल्यांची रांग होती. त्यातल्या एका दुकानाच्या माडीवर माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे दुहेरी काच. भिंतींना गोणपाट, त्यावर काथ्याच्या गाद्या. देवीची गाणी, भारुडं, निवडणुकीच्या जाहिराती, एखाद्या शाळेचं स्वागतगीत, असं काम चाले. खालच्या हवेच्या पंपाचा आणि लोखंडी पान्यांचा आवाज एवढा, की नीट काम फक्त बुधवारी व्हायचं. त्या दिवशी टायरचं दुकान बंद असे.

मी आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक झालेला माणूस. आवाज गेला तर त्याला कारण असतं. वायर तुटलेली असते, सांधा सैल असतो, माईकमध्ये ओल गेलेली असते. शोधलं की सापडतं. पंचवीस वर्षं सापडत आलं होतं.

समाधान आहेरला मी ओळखायला लागलो ते शहाण्णव साली. चांदवडचा मुलगा. इथे इंजिनिअरिंगला आला, ते अर्धवट सोडलं आणि मित्रांबरोबर ‘कातळ’ नावाचा रॉक बँड काढला. मराठीतून रॉक म्हणजे काय, हे तेव्हा नाशकात कोणाला धड सांगता आलं नसतं. कॉलेजच्या गॅदरिंगला, गणपतीत त्यांचे कार्यक्रम होत आणि साऊंड माझा असे. समाधान इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि गायचा. खरं तर ओरडायचा, पण सुरात ओरडायचा.

त्याची बायको मोहिनी हिला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची असताना मेंदूज्वरात दोन्ही कान गेले होते. ती मूकबधिर मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायची. प्रत्येक कार्यक्रमाला ती स्टेजच्या उजव्या अंगाला, खाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरला तळवा लावून बसायची, डोळे मिटून. एकदा भगूरला तिनं मला खुणेनं बोलावलं, स्पीकरवर बोट ठेवलं आणि काहीतरी फाटल्याची खूण केली. मला कानाला काहीच वावगं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्पीकर उघडला तर आतल्या कागदाला नखाएवढी चीर गेलेली. तेव्हापासून मी माझ्या कानापेक्षा तिच्या तळव्याला जास्त मानायचो.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात तिची कावीळ उलटली. बँड इंदूरला गेला होता. शेजाऱ्यांनी हॉटेलवर फोन करून निरोप ठेवला, तो समाधानला कार्यक्रम संपल्यावर मिळाला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात पोचला. तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं बँड सोडला. ड्रम वाजवणारा दिनेश मला येऊन म्हणाला, “आम्ही त्याला काही बोललो नाही. त्याला आवाजच नकोसा झालाय.”

पुढच्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, समाधान माडी चढून आला. केस कापलेले. खांद्यावर कापडी पिशवीत साधी लाकडी गिटार, जिला वायर लागत नाही, वीज लागत नाही.

“दहा गाणी केलीत,” तो म्हणाला. “एकट्याची. गिटार आणि आवाज, बाकी काही नको. मुंबईच्या एका कंपनीनं ऐकून बघू म्हटलंय.”

“आणि ती इलेक्ट्रिक गिटार?”

“देऊन टाकली.” तो पिशवीच्या चेनशी चाळा करू लागला. “मोहिनी दोन वर्षं मागे लागली होती, भाऊ. म्हणायची, स्पीकरचं नको. साधी आण, घरात बस, मी तिच्यावर हात ठेवीन. मी म्हणायचो, हा दौरा होऊ दे. ही मी ती गेल्यावर आणली.”

मी चहा मागवला.

पहिल्या बुधवारी दोन गाणी झाली. ज्या माणसाचा आवाज मी पाच वर्षं कमी करत आलो होतो, त्याच्यासाठी मला माईक एक वीत पुढे सरकवावा लागला. तो गात होता तसं कोणी कार्यक्रमात गात नाही. समोरच्या एकाच माणसाला सांगावं तसं गात होता. एका गाण्यात भाजीचं पातेलं गार होत राहतं, एवढंच होतं. मी काचेआड बसून दोनदा चष्मा पुसला.

दुसऱ्या बुधवारी तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारचा आवाज बसला.

बंद पडला नाही, बसला. तारा वाजत होत्या, पण लाकूड घुमत नव्हतं. या गिटारची खर्जाची तार छेडून सोडली की अकरा सेकंद तिचा घुमारा टिकायचा, मी मोजलं होतं. आता तो चार सेकंदांत संपत होता. मी रेकॉर्डिंग थांबवलं. माईक बदलला, वायर बदलली, दुसऱ्या भोकात घातली. गिटार हातात घेऊन ठोकून पाहिली, कुठे सांधा उकलला असेल म्हणून. सगळं ठीक होतं. माझ्या हातात ती अकरा सेकंद घुमली. त्याच्या मांडीवर परत गेली आणि पाचव्या ओळीला पुन्हा बसली.

तो गेल्यावर मी एक प्रयोग केला. स्टुडिओची जुनी गिटार स्टूलवर आडवी ठेवली, खर्जाची तार छेडली आणि वाजत असतानाच लाकडावर तळवा टेकवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ जशी उतरली, तशीच ती समाधानच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरत होती. माझ्या हाताला रेघ जरा जास्त पडली, एवढाच फरक. माझा हात मोठा आहे.

मी ते कोणाला सांगितलं नाही. पंखा, दमट हवा, लाकडाला आलेला ताण, अशी कारणं लिहून ठेवली. पुढच्या बुधवारी पंखा बंद ठेवला. माझ्या ओळखीच्या एका बाईंची, लताबाईंची, दुसरी गिटार मागून आणली. तीही बसली.

या वेळी मी काचेतून पाहत होतो. आवाज बसायच्या आधी समाधान गिटारची खालची बाजू थोडी पुढे झुकवत होता. मांडीवर लहान मूल घेऊन बसलेली बाई समोरच्या माणसाला मूल दाखवायला जशी झुकते, तसा.

मी बटण दाबून म्हणालो, “समाधान, थांब जरा. परत आवाज बसला.”

त्यानं डोळे उघडले नाहीत. “थांबवू नका, भाऊ,” तो म्हणाला. “नुकती बसलीये.”

आवाजाबद्दल तो बोलत नव्हता, हे मला कळायला थोडा वेळ लागला.

मे महिनाभर तसंच चाललं. सुरुवातीला एखाद्या ओळीपुरतं असायचं, मग कडव्याचं कडवं. जून उजाडेपर्यंत तो गिटारला हात लावायच्या आत लाकूड मुकं असायचं. मी त्या खोलीत जाऊन उभाही राहिलो. दिसायला काही नव्हतं. खुर्ची, माईक, तो. पण मला त्याच्या समोरून चालत जायचा धीर झाला नाही. मी कडेनं, भिंतीला धरून गेलो. का, ते विचारू नका.

आणि तो बरा दिसू लागला होता, हेही सांगायला हवं. अंगावर मांस आलं होतं. एकदा येताना पंचवटीतून मोगऱ्याचा गजरा घेऊन आला आणि गाणं होईपर्यंत खुर्चीसमोर जमिनीवर ठेवला. जाताना उचलून नेला.

मुंबईच्या कंपनीच्या माणसाला मी सहा गाणी पाठवली होती. त्याचा फोन आला. गळा उत्तम आहे, म्हणाला, शब्द उत्तम आहेत, पण पहिली दोन गाणी सोडली तर गिटार गोधडीत गुंडाळून वाजवलीये का? आणखी एक तरी गाणं स्वच्छ पाठवा, नाहीतर अवघड आहे.

इथे मी जे केलं, त्याचा विचार मी आजही करतो. मला वाटलं, पोराचं चांगलं होतंय. एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्याचं ऐकायला तयार आहे. मी खोलीत गेलो, दाराजवळच उभा राहिलो आणि माझ्या तोंडून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं ते वाक्य बोललो.

“समाधान, एका गाण्यापुरता तिला हात काढायला सांग.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. मी तिला मान्य केलं, याचं त्याला बरं वाटलं असावं.

“सांगून बघतो,” तो म्हणाला. “पण तिला ऐकायचं असतं, भाऊ. ती दुसरीकडे कुठे ठेवेल?”

“एकच गाणं,” मी म्हणालो.

मी काचेआड आलो. त्यानं गिटार खाली ठेवली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून खुणांच्या भाषेत बोलू लागला. दोन्ही हातांनी, मन लावून. मधे थांबायचा, पाहायचा, पुन्हा बोलायचा. एकदा हसला. मग मान हलवली, गिटार उचलली आणि मला अंगठा दाखवला.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

खर्जाची तार वाजली आणि घुमत राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंद. असा लखलखीत आवाज त्या खोलीत कधी आला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी टेबलावर हळूच थाप मारली.

पहिलं कडवं गेलं. दुसरं सुरू झालं.

दुसऱ्या ओळीला त्याच्या आवाजातून छाती गेली.

याहून नीट मला सांगता येत नाही. शब्द येत होते, सूर अचूक होते, पण आवाज फक्त ओठांतून येत होता. खालचा सगळा घुमारा नाहीसा झाला होता. पडद्यावर मी ती उतरती रेघ पाहिली. ती मला पाठ होती.

मी कानावर हेडफोन तसाच ठेवून उभा राहिलो.

तो गातच होता. त्यानं हनुवटी वर केली. न्हाव्यापुढे करतात, तशी.

आवाज आणखी पातळ झाला.

गिटार मात्र अकरा सेकंद घुमत होती.

शेवटच्या ओळीला ओठ हलत होते आणि माईकवर श्वासाचीही खरखर नव्हती. मी दार उघडलं तेव्हा तो डोळे पुसत होता. “झालं ना नीट?” त्यानं विचारलं. ते कुजबुजण्याइतकंच आलं.

मी ते गाणं कंपनीला पाठवलं नाही. पावसाळाभर त्याचा आवाज कमी कमी होत गेला. मी त्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, एकाकडे नाही, तिघांकडे. त्यांनी नळी घालून पाहिलं. गळा निरोगी आहे, म्हणाले, यांनी बोलायला हवं. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही दुःखद घडलंय का? मी हो म्हणालो. दसऱ्याच्या सुमारास त्याचा मोठा भाऊ वाळू येऊन त्याला चांदवडला घेऊन गेला. कॅसेट निघाली नाही. निघताना समाधाननं माझ्या हातात हात दिला, काहीतरी बोलला, आणि मला ते कळलं नाही. मी मान डोलावली. मी तेव्हा त्याला सांगायला हवं होतं की माझं चुकलं.

सांगायला मी गेलो ते दोन वर्षांनी, दोन हजार चारच्या डिसेंबरात. सकाळी अकराचा सुमार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चालली होती. घरापुढे वाळू आणि त्याची आई साळूबाई रोपांच्या जुड्या बांधत होते.

“कसा आहे?” मी विचारलं.

“बोलत नाय,” वाळू म्हणाला. “बाकी लय बरा हाय. जेवतो, कामं करतो. कोणाशी भांडण नाय, तंटा नाय. सकाळचा तेवढा बसतो तिकडं, चाळीच्या मागं. तासभर. मग आपला आपण येतो.”

साळूबाई जुडी बांधायची थांबली. “त्याला हसताना पाहिलं की मी देवाला काय मागू तेच कळत नाय, दादा,” ती म्हणाली. “बरं कर म्हणू, का असंच ऱ्हाऊ दे म्हणू?”

कांद्याच्या चाळीमागे, ऊन येत होतं तिथे, समाधान बाजेवर बसला होता. गिटार नव्हती. डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे, हनुवटी वर. चेहऱ्यावर असं समाधान मी कोणाच्या पाहिलेलं नाही. लांब हमरस्त्यावर ट्रक जात होते. जवळ काहीच आवाज नव्हता.

मी त्याच्या शेजारी बसलो. जे बोलायचं होतं ते बोललो. त्यानं डोळे उघडले नाहीत, पण ऐकलं असावं, कारण माझ्या गुडघ्यावर एकदा थोपटलं. मला राहवलं नाही. मी त्याच्या छातीवर हात ठेवला.

तो गात होता.

बाहेर काही नव्हतं, पण माझ्या तळव्याला लागत होतं. भरदार, सुरेल, पूर्वी स्टेजवर गायचा त्याहून मोठ्या आवाजात. मी रेकॉर्ड न केलेलं गाणं होतं. एक कडवं संपलं, तो थांबला, दुसरं सुरू झालं. माझ्या हाताला ते कोपरापर्यंत जाणवत होतं. मी किती वेळ तसा बसलो, सांगता येणार नाही.

मग त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. माझं मनगट हलकेच धरलं आणि माझा हात उचलून चार बोटं डावीकडे, खांद्याच्या बाजूला नेऊन ठेवला. एसटीत बाकावर बसलेल्या माणसाला आपण जरा सरकून घ्यायला सांगतो, तसं.