पाइपवरचे दोन ठोके

दिवा राहू दे, पण तो नळ आधी नीट बंद करून या. टपटप ऐकू आली की मला पुढे बोलवत नाही. का, ते कळेलच.

माझ्या ओळखीतला एक प्लंबर होता. कामाला वाघ, स्वभावाने मात्र गरीब गाय. कुणी आवाज चढवला की हा आधीच माफी मागून मोकळा! त्या वर्षी नगरपालिकेने एक जुनी दुमजली इमारत विकत घेतली. मालकाला ती पाडून दुकानं बांधायची होती. पालिकेने पाडू दिली नाही. डागडुजी केली, वर एक नवा मजला चढवला आणि सगळ्या खोल्या गरजूंना स्वस्त भाड्याने द्यायचं ठरवलं. नळाचं सगळं काम या प्लंबरकडे आलं.

वरच्या मजल्यावरची एक खोली त्याच्या थोरल्या बहिणीला मिळाली होती, तिच्या एकटीच्या नावावर. तिचा नवरा तिला गुरासारखा बडवायचा. लोक त्याला रेडाच म्हणायचे. एक बरगडी मोडून झाली होती. ती खोली मिळाली तरच बाई जगणार, इतकं सरळ होतं ते.

सोमवारची रात्र होती, थंडीचे दिवस. मंगळवारी सकाळी इंजिनिअर येऊन नळ तपासणार आणि लगेच चाव्या वाटणार. जेवण झाल्यावर प्लंबर शेवटचे सांधे बघायला निघाला. एका हातात पाना, एका हातात बॅटरी. इमारतीच्या दारात रेडा उभा.

"चला मेहुणे. तुमचं काम बघू तरी."

आत शिरून त्याने स्वतःच दाराला कडी घातली. जिन्यात प्लंबरची मान धरली आणि तोंड भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. दात हलला, ओठ फाटला.

"वरचा सांधा सैल कर. काम कच्चं होतं असं वाटलं पाहिजे. उद्या पाणी फुटलं की चाव्या लांबल्या. तोवर तुझी ताई स्वतःच सही करून खोली सोडते की नाही बघ. मी सोडायला लावतो."

"भावजी, पाया पडतो तुमच्या. तिला जाऊ द्या."

"नाही केलंस, तर आत्ता घरी जातो. झोपलीय ती. उरलेल्या बरगड्या मोजतो."

आता तुम्ही म्हणाल, पान्याने एक टोला हाणायचा होता त्याच्या टाळक्यात! बोलायला काय जातं रे? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तो रडत रडत वर गेला आणि सांध्याला पाना लावला.

सांधा फिरला. पाणी भसकन उडालं. जिन्यावरून खाली धावायला लागलं.

आणि खालून पाइपवर आवाज आला.

ठण्. ठण्.

प्लंबरने ते ठोके ओळखले. तो लहानपणी त्याच इमारतीत राहायचा. तळमजल्यावर एक म्हातारी होती, सगळे तिला नळआत्या म्हणायचे. वर कुणी नळ उघडा टाकला की ती खालून पाइपवर दोन ठोके द्यायची. नळ बंद करा रे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मालकाने इमारत रिकामी करायला गुंड घातले. सगळे गेले, ही गेली नाही. दोन्ही हातांनी पाइप धरून बसली. गुंडांनी तिचं एकेक बोट ठेचलं, आणि त्यातच ती गेली. गाव पेटलं, म्हणून तर पालिकेने इमारत घेतली. मारणारे कोण, ते मात्र तोवर कळलं नव्हतं.

"खाली कोण आहे?" रेड्याने विचारलं.

"कुणी नाही. कडी तुम्हीच घातलीत ना..."

ठण्. ठण्.

रेड्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो जिन्यात वाकून ओरडला, "मेलीस ना तू! सगळी बोटं फोडली तुझी... तरी ठोकतेस?"

प्लंबरला तेव्हा कळलं.

रेड्याने पाना हिसकावला आणि शिव्या देत खाली उतरला. पाइपवर घाव बसायला लागले. खण्. खण्. खण्...

मग आवाज बदलला. लोखंडाचा राहिला नाही. ओला झाला.

काडकन काहीतरी मोडलं. रेडा किंचाळला.

पुन्हा काडकन. पुन्हा किंचाळी.

एकेक... एकेक...

मग काहीच नाही. नुसतं पाणी...

ठण्. ठण्.

प्लंबरकडे पाना नव्हता. त्याने नुसत्या हातांनी सांधा आवळला. तळव्यांची सालं निघाली, तरी आवळला. पाणी थांबलं.

ठोकेही थांबले.

उजाडल्यावर तो खाली गेला. रेडा तळमजल्यावरच्या नळाच्या खोलीत, पाइपपाशी बसलेला. डोळे उघडे. अंगात जीव नाही. दहाही बोटं ठेचलेली, तरी दोन्ही मुठी पाइपभोवती आवळलेल्या. चार माणसांना सुटल्या नाहीत. शेवटी पाइपच कापावा लागला.

पोलिसांनी प्लंबरला आठवडाभर झोडपलं. याच्या हातून माशी मरत नाही, हे सगळं गाव सांगत होतं. सोडलं शेवटी. इंजिनिअरने वरचा सांधा तपासला, थेंब गळत नव्हता. चाव्या वाटल्या. बहीण राहायला आली, अजून तिथेच आहे. पोटभर जेवते, दार उघडं टाकून झोपते.

कापलेल्या जागी प्लंबरने पाइपचा नवा तुकडा बसवला. संध्याकाळी स्वतः त्याला रंग दिला, नळाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपला.

सकाळी कुलूप उघडलं, तर रंगावर मूठ उमटलेली. लहानशी. बाईची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय, अजून तशीच आहे.

पाचही बोटं धड आहेत... सरळ. एकही मोडलेलं नाही.